ठराव वागण्यावर हवा, माणूस कुठला आहे यावर नको

नमस्कार,

इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. तुम्ही बाणेर भागातल्या एका गृहनिर्माण सोसायटीचे सचिव आहात. एका सभासदाने आपला फ्लॅट मणिपूरच्या दोन मुलींना भाड्याने दिला आहे, दुसऱ्याने सुदानहून शिकायला आलेल्या एका मुलाला. तेव्हापासून तक्रारी सुरू झाल्या आहेत. स्वयंपाकाचा वास येतो, रात्री उशिरा येणं-जाणं असतं, ‘कोण लोक आहेत काही कळत नाही’. आता काही सभासद येत्या सर्वसाधारण सभेत ‘ईशान्येकडील व परदेशी विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्याने देऊ नये’ असा ठराव आणणार आहेत. तुमचं म्हणणं असं, की ‘आमच्याकडे कुणी वंशवादी नाही, तो प्रश्न तिकडचा, गोऱ्या-काळ्यांचा. आमच्या लोकांच्या अडचणी खऱ्या आहेत. मग याला भेदभाव का म्हणायचं? आणि म्हणायचंच असेल तर सभेत मी काय बोलू?’

मी पुण्यात आधी सामाजिक मानसशास्त्र शिकवत होते आणि आता समुपदेशन करते. बाहेरच्या राज्यांतून आणि देशांतून इथे शिकायला आलेली मुलं हा त्या कामाचा मोठा भाग आहे. त्यांच्यासाठी घरमालकांशी आणि सोसायट्यांशी बोलायची वेळ सतत येते.

आधी सरळ उत्तर देते. या ठरावाला तुम्ही विरोध करा. अडचणी खऱ्या असतील, पण हा ठराव त्या अडचणींबद्दल नाहीच. त्यात वासाविषयी एक शब्द नाही, आवाजाविषयी नाही, रात्रीच्या पाहुण्यांविषयी नाही. त्यात आहे ते एवढंच, की माणूस कुठला. उद्या कोल्हापूरचा एखादा मुलगा रात्री दोन वाजता मोठ्याने गाणी लावून बसला, तर हा ठराव त्याला लागू होणार नाही. आणि मणिपूरची मुलगी रोज दहाला दिवे मालवून झोपत असली, तरी तिला लागू होईल. जो नियम वागण्याला हात लावत नाही आणि जन्माला लावतो, तो भेदभाव. तो करणाऱ्याच्या मनात राग आहे की नाही, याने काही फरक पडत नाही.

ही शेवटची गोष्ट लोकांना पटायला सगळ्यात जड जाते, म्हणून थोडं थांबून सांगते. पूर्वग्रह मनात असतो आणि भेदभाव हातून घडतो. मनात काहीही नसताना हातून भेदभाव घडू शकतो. किंबहुना पुण्यात मी पाहिलेला बहुतेक भेदभाव असाच असतो. शिवीगाळ नाही, मारहाण नाही, सगळे सौजन्याने बोलतात आणि घर मात्र मिळत नाही. एजंटला केलेला एक फोन कसा होतो ते सांगते. असे फोन मी स्वतः लावलेले आहेत.

‘तो टू बीएचके आहे ना अजून?’

‘आहे, आहे. फॅमिली का बॅचलर?’

‘दोन मुली आहेत. एक शिकते, एक नोकरी करते.’

‘चालेल की. मुली असतील तर मालकांना काही नाही. व्हेज का नॉनव्हेज?’

‘नॉनव्हेज.’

‘बरं, बोलू आपण मालकांशी. नावं काय म्हणालात?’

नावं सांगितली की फोनवर क्षणभर शांतता. मग, ‘मॅडम, मी जरा कन्फर्म करून सांगतो. मालकांचे कुणी नातेवाईक येणार होते म्हणे.’ पुन्हा फोन येत नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरवरून विचारलं तर फ्लॅट रिकामाच असतो.

आता यात दोषी कोण? एजंट म्हणतो, मला काय, कमिशन मिळालं की झालं, मालकच नको म्हणतात. मालक म्हणतात, माझं काही नाही हो, पण सोसायटीवाले कटकट करतात. सोसायटीचे पदाधिकारी म्हणतात, आमचा आक्षेप नाही, पण उद्या काही झालं तर पोलीस आम्हालाच विचारतील. पोलिसांकडे गेलात तर ते म्हणतात, आम्ही फक्त भाडेकरूची माहिती द्या म्हणतो, कुणाला ठेवू नका असं कधी म्हटलं? प्रत्येक जण आपल्यापुरतं खरं बोलतो. कुणालाही खोटारडा ठरवता येत नाही. आणि त्या मुली मात्र महिनाभर मैत्रिणीच्या खोलीत सामान ठेवून घर शोधत फिरतात.

या विषयावर मला सगळ्यात महत्त्वाचं जे सांगायचं आहे ते हेच आहे. आपल्याकडचा भेदभाव कुणाच्याच नावावर नसतो. तो एकाकडून दुसऱ्याकडे सरकवलेला असतो. म्हणून ‘आमच्यात कुणी वंशवादी नाही’ हे तुमचं वाक्य शंभर टक्के खरं असूनही तुमच्या इमारतीत त्या मुलींना घर मिळणं बंद होऊ शकतं. तुमचा ठराव मंजूर झाला की या सरकवासरकवीला कायमचा आधार मिळेल. आज एखादा मालक मनाचा मोठेपणा दाखवून म्हणू शकतो, राहू दे, मला चालतं. उद्या तो हात वर करेल, ‘ठरावच आहे ना.’ सचिव म्हणून तुम्ही या साखळीतली एक कडी आहात, आणि हात वर न करण्याचं स्वातंत्र्य तुमच्याकडे अजून आहे.

हे फक्त ईशान्येकडच्या मुलांपुरतं नाही, हेही सभेतल्या प्रत्येकाला माहीत असतं. वरचाच फोन पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहिलेल्या, घरात अस्सल पुणेरी मराठी बोलणाऱ्या मुस्लिम कुटुंबासाठी लावा, तो अगदी तिथेच, नावापाशी अडकतो. आडनावावरून जात कळली की काही ठिकाणी तोच प्रकार होतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना एकाच दर्जाचे अर्ज पाठवले होते. शिक्षण तेच, अनुभव तोच, फक्त नावं वेगळी. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला एक-तृतीयांश. ते अर्ज बाजूला ठेवणारे लोक दुष्ट होते असं मला वाटत नाही. त्यांनी फक्त ‘आपल्यात बसेल असा’ माणूस निवडला.

आता ‘वंशवाद तिकडचा’ या मुद्द्याकडे येते. ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की तिच्यासाठी जरा जास्त जागा घेते. उदाहरणासाठी पुण्यापासून फार लांब जायची गरज नाही.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आपल्या शहराच्या. डेक्कन कॉलेजात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्याआधी, १९२० च्या दशकाच्या शेवटी, त्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या होत्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत, आजच्या नामिबियात, मिश्र वंशाच्या लोकांची मापं घेऊन या माणसाने नाव मिळवलं होतं. त्यांचा कयास असा, की गोऱ्या युरोपीय माणसाचा मेंदू अधिक विकसित असतो, म्हणून त्याच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजू सारख्या नसतात, आणि इतर वंशांत हा फरक दिसत नाही. इरावतीबाईंनी हे तपासायचं होतं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. फरक सगळ्यांच्याच कवट्यांत निघाला. त्याचा वंशाशी काही संबंध लागेना. पंचविशीतली ती बाई, परका देश, पदवी ज्यांच्या हातात त्यांचाच सिद्धांत मोडत होता, तरीही मोजमापात जे आलं तेच त्यांनी प्रबंधात लिहिलं. १९३० साली पदवी घेऊन त्या परतल्या. पुढे फिशर आणि त्यांच्या संस्थेचं ‘शास्त्र’ नाझींच्या वंशशुद्धीच्या धोरणाला टेकू म्हणून वापरलं गेलं, आणि त्याची किंमत लाखो ज्यू आणि रोमा लोकांनी जिवानिशी मोजली.

इथे आल्यावरही इरावतीबाई मापं घेतच राहिल्या. माणसाची शरीरं मोजून समाजाबद्दल किती सांगता येतं, याबद्दलचा त्यांचा विश्वास मला आज पूर्णपणे मान्य होत नाही. पण त्यांनी आणि त्यांचे सहकारी मल्होत्रा यांनी १९६८ साली महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींचा जो तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही सामाजिक दर्जा एकच असलेल्या या गटांत आपापसात बरेच शारीरिक फरक आढळले. दर्जा सारखा म्हणजे ‘रक्त’ सारखं, हा हिशोब तिथेही जुळला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली वेगळ्या वाटेने हेच दाखवलं होतं. इंग्रज अधिकारी रिस्लेच्या काळापासून आपल्याकडे लोकांच्या नाकांची मापं घेऊन जातींना वंशांत बसवण्याचा उद्योग चालला होता. बाबासाहेबांनी त्याच पद्धतीचे आकडे समोर ठेवून सांगितलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशांचे असल्याचं यातून मुळीच सिद्ध होत नाही.

जनुकशास्त्राने नंतर यावर शिक्कामोर्तब केलं. रिचर्ड ल्युवॉन्टिन यांनी १९७२ साली मांडलेल्या हिशोबानुसार माणसामाणसांतल्या एकूण जनुकीय वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के वैविध्य एकाच लोकसमूहाच्या आत सापडतं. तुमच्या मजल्यावरच्या दोन मराठी शेजाऱ्यांत जेवढा फरक असू शकतो, त्यावर त्या सुदानी मुलामुळे पडणारी भर किरकोळ आहे.

थोडक्यात, शरीराच्या आत ‘वंश’ नावाच्या वेगळ्या पेट्या नाहीत. पण रस्त्यावर आहेत. डोळ्यांची ठेवण, कातडीचा रंग, केसांचा पोत बघून आपण ठरवतो, की याच्याशी कसं बोलायचं, किती भाडं सांगायचं, ओळखपत्र मागायचं की नाही. त्या वागणुकीला वंशभेद म्हणतात. त्यासाठी गोरं असावं लागत नाही. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ लिहिताना आपण हेच करतो. सरकार म्हणून आपण २००१ साली संयुक्त राष्ट्रांच्या दर्बनमधल्या वंशभेदविरोधी परिषदेत ‘जात म्हणजे वंश नव्हे’ अशी भूमिका घेतली. शास्त्र म्हणून ते बरोबरही असेल. पण ज्याला पाण्याला शिवू दिलं जात नाही त्याला या वर्गीकरणाचा काय उपयोग? जन्मावरून माणसाची पायरी ठरवायची सवय आपल्याला जातीने लावली, आणि नवा कुणी आला की त्यालाही त्याच पायऱ्यांवर कुठेतरी उभा करायला आपल्याला वेळ लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुण्याने या बाबतीत दोन्ही टोकं पाहिली आहेत. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो इथेच. १९२९ साली पर्वतीच्या देवळात प्रवेश मागणाऱ्या सत्याग्रहींवर दगड पडले तेही इथेच. आणि फार जुनं नको असेल तर २०१७ आठवा. याच शहरात एका उच्चशिक्षित बाईंनी ‘सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी आलेल्या बाईने जात लपवली’ म्हणून पोलिसांत तक्रार दिली होती. नंतर ती मागे घेतली गेली, पण तक्रार द्यावीशी वाटली ही गोष्ट राहतेच.

सुदानी मुलाबद्दल एक सांगायला हवं. आफ्रिकेतला माणूस दख्खनला नवा नाही. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, आणि त्याने बसवलेली जमीनमहसुलाची घडी पुढे कितीतरी काळ त्याच्या नावाने ओळखली गेली. अलीकडचं बघायचं तर शं. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर असताना, काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याची आबाळ त्यांच्या नजरेला पडली आणि त्यातून १९७१ साली सिंबायोसिस उभं राहिलं. परदेशी मुलांच्या येण्यावर या शहराने नाव आणि पैसा दोन्ही कमावलं आहे. ती फी भरताना चालतात, मग जिन्यात का चालू नयेत?

आता हे असं का होतं, ते थोडं मानसशास्त्राच्या बाजूने बघू. हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग मी वर्गात नेहमी सांगत असे. मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि ‘तुला हा आवडतो, म्हणून तू या गटातला’ असं सांगून दोन गट केले. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. गटातली बाकीची मुलं कोण, हेही कुणाला माहीत नव्हतं. नंतर पैशांची वाटणी करायला दिली तर मुलं आपल्या गटाला झुकतं माप देऊ लागली. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण दुसऱ्या गटापेक्षा फरक मोठा राहिला पाहिजे, अशी निवड अनेकांनी केली. म्हणजे ‘आपला-परका’ करायला इतिहास लागत नाही, भांडण लागत नाही. निमित्त पुरतं. तुमच्या सभासदांमध्ये ही प्रवृत्ती आहे यात त्यांचा वेगळा दोष नाही. ती सगळ्यांत आहे. म्हणून नियम नीट हवेत.

दुसरी गोष्ट साच्यांची. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण तो सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. माणसं तशी शिजत नाहीत. पण एका परदेशी मुलाने कुठे भांडण केल्याची बातमी वाचली की आपण सगळ्या परदेशी मुलांची परीक्षा उरकून टाकतो. स्वतःच्या लोकांच्या बाबतीत असं करत नाही. मराठी मुलगा दारू पिऊन पडला तर ‘तो मुलगा वाया गेला’ म्हणतो. त्यांच्यातला पडला तर ‘हे लोक असेच.’ तक्रार ऐकताना फक्त एवढं ऐका, वाक्यात ‘तो’ आहे की ‘हे लोक’.

याचा शेवट कुठे होऊ शकतो ते पुण्याने ऑगस्ट २०१२ मध्ये पाहिलं. आसाममधल्या हिंसाचारानंतर इथे ईशान्येकडच्या काही तरुणांना मारहाण झाली, मग मोबाईलवर अफवा सुटल्या, आणि बंगळुरूप्रमाणेच पुण्यातूनही मुलं मिळेल त्या गाडीने गावी निघाली. सरकारला एकगठ्ठा एसएमएस पाठवण्यावर देशभर तात्पुरती बंदी घालावी लागली. अफवा खोटी आहे हे बहुतेकांना कळत होतं. पण ‘काही झालंच तर शेजारचा माणूस मध्ये पडेल’ ही खात्री त्यांना वाटत नव्हती. परीक्षा तोंडावर असताना घरी निघून गेलेल्या मुलांशी मी नंतर बोलले आहे. शेजाऱ्यांचं नावही माहीत नव्हतं, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. पुढे २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलच्या निदो तानियाचा मृत्यू झाला. केसांवरून केलेल्या टिंगलीतून सुरू झालेल्या मारहाणीनंतरचा तो मृत्यू. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी तपासायला केंद्राने बेजबरुआ समिती नेमली. २०२० च्या मार्चमध्ये याच मुलांना ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या, आणि त्यांना त्रास देऊ नका अशी सूचना गृह मंत्रालयाला राज्यांना पाठवावी लागली.

कायद्याचं मी तुम्हाला खरं ते सांगते, कारण सभेत कुणीतरी मोबाईल काढून वाचून दाखवेलच. राज्यघटनेचं १५ वं कलम धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई करतं. पण ते मुख्यतः राज्यसंस्थेला बांधतं. त्यातलं दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांविषयीचं पोटकलम व्यक्तींनाही लागू आहे. एका मालकाने एका भाडेकरूला घर नाकारणं या चौकटीत सहज बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधीही, म्हणजे सोसायटीचा अंतर्गत नियम, उचलून धरला होता. म्हणजे कायदा इथे तोकडा आहे. मात्र तुमची सोसायटी तशी एका समाजाची म्हणून नोंदलेली नाही. भाड्याने देण्याचा अधिकार सभासदाचा आहे. त्याने सोसायटीला कळवायचं, लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायचा, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची, आणि सोसायटीने नियमाप्रमाणे सभासद स्वतः राहत नाही म्हणून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनवहिवाट शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) घ्यायचं. सभासदाच्या या अधिकारावर साध्या ठरावाने गदा आणता येईल असं मला वाटत नाही. तरी सभेआधी सहकार कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा विचारा.

आणखी एक. त्या मणिपूरच्या मुली अनुसूचित जमातीच्या असतील आणि कुणी त्यांना जमातीवरून चारचौघांत अपमानित केलं, तर ॲट्रॉसिटी कायदा लागू शकतो. त्यांचं राज्य वेगळं आहे म्हणून इथे संरक्षण नाही, ही पळवाट मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ साली बंद केली आहे. हे धाक दाखवायला सांगत नाही. पण जिन्यात सहज म्हणून उच्चारला जाणारा एखादा शब्द किती जड पडू शकतो, हे सभासदांना माहीत असावं.

आता सभेचं. ठराव येण्याआधी तुम्ही स्वतः तक्रारी लेखी मागवा. प्रत्येक तक्रारीत तारीख, वेळ, काय घडलं आणि कुठे घडलं, एवढंच लिहायला सांगा. माझा अनुभव असा, की निम्म्या तक्रारी कागदावर येतच नाहीत, कारण लिहायला काही नसतं. ज्या येतात त्यांचं खरंच काहीतरी करता येतं, आणि ते करायलाच हवं. लोकांच्या त्रासाला ‘तुमचा पूर्वग्रह आहे’ म्हणून झटकून टाकणं हेही अन्यायाचंच आहे.

वासाचं उदाहरण घ्या, कारण सगळ्यात जास्त चिडचिड त्याचीच असते. आंबवलेली मासळी, आंबवलेलं सोयाबीन, बांबूचे कोंब यांचा वास उग्र असतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. विमाननगरच्या बाजूला एका सोसायटीत मी याच कारणासाठी गेले होते. वरच्या मजल्यावरच्या आजी खरोखर हैराण झाल्या होत्या. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहून बघितलं, तर सगळ्या मजल्यांचे एक्झॉस्ट एकाच डक्टमध्ये सोडलेले आणि डक्ट वर गच्चीवर कुणीतरी पत्रा टाकून बंद केलेला. आजीच म्हणाल्या, की खालचे कोकणातले शेजारी सुकट भाजतात तेव्हाही असाच वास कोंडतो. पण त्यांना कधी सोसायटी सोडा म्हटलं नव्हतं. पत्रा काढला, मुलींनी झाकण ठेवून आणि खिडकी उघडून शिजवायचं कबूल केलं, आजींनी त्यांच्या जेवणाच्या वेळा विचारून घेतल्या. वास पूर्ण गेला नाही. पण तो सोसण्याइतका झाला, आणि मुली आजही तिथेच राहतात.

आवाजासाठी रात्री दहानंतरचा नियम करा, सगळ्यांना लागू, अगदी कमिटीच्या घरच्या वाढदिवसालाही. पाहुण्यांची नोंद गेटवर ठेवायची तर प्रत्येकाच्या पाहुण्याची ठेवा. वॉचमनला स्पष्ट सांगा, की चेहरा बघून कुणाला थांबवायचं नाही. परदेशी भाडेकरू असेल तर मालकाने चोवीस तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरायचा असतो. तो भरला आहे की नाही हे तुम्ही मालकाला जरूर विचारा. ‘कोण लोक आहेत कळत नाही’ या भीतीला खरं उत्तर कागदांचं आहे, आणि ते कागद आधीच अस्तित्वात आहेत.

ओळखीने गैरसमज जातात असं आपण म्हणतो, पण नुसतं एका इमारतीत राहून ते जात नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली त्यासाठी काही अटी सांगितल्या होत्या आणि त्या आजही टिकून आहेत. दोन्ही बाजूंचा दर्जा बरोबरीचा हवा, काम समाईक हवं, ते एकमेकांच्या मदतीने व्हायला हवं, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. म्हणून त्या मुलींना गणपतीत पारंपरिक वेशात नाचायला बोलावणं मला फारसं उपयोगाचं वाटत नाही. तिथे त्या पुन्हा पाहुण्याच राहतात. तुमच्या भागात टँकरच्या पाण्याचा प्रश्न आहे. टँकर मोजायचा, हिशोब ठेवायचा, व्हॉट्सॲपवर टाकायचा, या कामात त्यांना घ्या. सुदानी मुलगा इंजिनिअरिंगचा असेल तर पंपाच्या दुरुस्तीला त्याला बोलावून बघा. आणि ग्रुपवरच्या सूचना मराठीबरोबर हिंदीत किंवा इंग्रजीतही जाऊ द्या. कचऱ्याचा नियम कळलाच नाही, म्हणून मोडला गेल्याची उदाहरणं माझ्याकडे भरपूर आहेत.

तुम्ही शेवटी ज्या ज्येष्ठ सभासदांबद्दल लिहिलं आहे, जे मनाने चांगले आहेत पण त्या मुलींना ‘चिंकी’ म्हणतात, त्यांना सभेत चारचौघांत टोकू नका. तसं केलं की माणूस स्वतःचं म्हणणं सोडत नाही, उलट धरून बसतो. घरी चहाला जा आणि सरळ सांगा, ‘काका, तो शब्द त्या मुलींना शिवीसारखा लागतो. त्यांची नावं मी तुम्हाला लिहून देतो.’ बहुतेक जण ऐकतात. न ऐकणाऱ्यांना पुढच्या वेळी तिथल्या तिथे, आवाज न चढवता, ‘माझ्यासमोर हा शब्द नको’ एवढं म्हणा. मुली ते ऐकत असतील तर त्यांना त्याचा फार आधार वाटतो. हे त्यांनीच मला सांगितलेलं आहे.

सभेत बोलताना मलिक अंबर आणि इरावतीबाई यांतलं काही सांगायची गरज नाही. ते तुमच्यासाठी लिहिलं. तुम्ही पर्यायी ठराव मांडा. आवाज, पाहुण्यांची नोंद, कचरा, डक्टची दुरुस्ती आणि भाडेकरूची कागदपत्रं, पाच मुद्दे, प्रत्येक सभासदाला आणि प्रत्येक भाडेकरूला सारखे लागू. मग मूळ ठराव मांडणाऱ्यांना विचारा, की यातून तुमची कुठली तक्रार सुटत नाही ते सांगा. जे उत्तर येईल ते इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावासह नोंदवून घ्या.

तरीही तो ठराव मंजूर झालाच, तर तुमचा विरोध इतिवृत्तात लिहून घ्या आणि ज्या दोन सभासदांचे फ्लॅट आहेत त्यांना सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाण्याचा मार्ग आहे हे कळवा. पर्यायी ठरावाचा कच्चा मसुदा तयार झाला की इथेच टाका, सभेच्या आधी वाचून सुचवते.